तिकीट दाखवा, पोहे घ्या

रविवारी सकाळी आमची बस पॉलिटेक्निक चौकात थांबली की रस्त्याच्या कडेला तीन-चार गाड्या उभ्या दिसायच्या. काचा बंद, आत गारवा, आणि त्या गारव्यात आमची फिरणारी मंडळी. बस दिसताच पटापट दारं उघडायची आणि पांढरेशुभ्र बूट खाली यायचे, जणू सगळे आत्ताच आमच्यासोबत दांडा धरून आलेत. हे नाटक मी दोन वर्षं पाहिलं. त्यात माझाही हात होता, म्हणून लिहायला बसले.

मी कोकणातली, देवगडकडची. आठवीत शाळा सुटली. ओळखीतून स्वयंपाकाला म्हणून भोपाळला आले, त्याला अठरा वर्षं झाली. ज्यांच्या घरी आले ते काका कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी पिपलानीच्या क्वार्टरमध्ये मला मागची खोली दिली. काकू दुपारी भांडी आवरली की समोर बसवून दहावीची पुस्तकं वाचून घ्यायच्या. परीक्षेला मात्र मी बसले नाही, भीती वाटली. तरी आज दोन ओळी धड लिहिता येतात त्या काकूंमुळे. पुढे अयोध्या नगरात त्यांनी घर बांधलं, मीही तिथे आले. मग काका गेले. मुलगा पुण्यात. घरात आम्ही दोघी.

तलावाची फेरी काकांनी सुरू केलेली. पाच-सहा रिटायर मराठी कुटुंबं, दर रविवारी एक तलाव: कधी बोट क्लबपासून वनविहारच्या फाटकातून आत, कधी शाहपुरा, कधी भदभदा. नियम एकच, जायचं-यायचं बसनं. फेरी संपली की बाकावर माझा डबा उघडायचा आणि काका कंडक्टरसारखा हात पुढे करून म्हणायचे, "तिकीट दाखवा, पोहे घ्या." तिकीट नसेल त्याला नुसता चहा. काकांमागे काकूंनी तो नियम चालू ठेवला. मंडळींनाही तो फार आवडायचा. तिकिटं पंख्यासारखी धरून फोटो काढायचे, खाली लिहायचे, पर्यावरणासाठी आमचा खारीचा वाटा. आणि ती तिकिटं काढायचे मी.

सुरुवात केली साहेबांनी. कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, मिसरोदला बंगला. एका शनिवारी फोन आला, "अगं, उद्या जरा उशीर होईल, आमची दोन तिकिटं तूच घेऊन ठेव." पुढच्या आठवड्यात दोनाची पाच झाली. मग फोन यायचाही बंद झाला, मी काढणार हे ठरूनच गेलं. काकू हळूहळू उतरेपर्यंत मंडळी थांब्यावर हजर असायची, त्यांना वाटायचं, आधीच्या बसनं आली. काकूंना पुढच्या सीटवर बसवायचं आणि मागे जाऊन कंडक्टरकडून सात तिकिटं घ्यायची.

"दीदी, बाकी सवारी कहाँ है?"

"आगे मिलेंगी, भैया."

तो हसायचा. त्याला वाटत असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ही माणसं तलावाशी उभी राहून काय बोलायची, ते ऐकायला हवं होतं. "अगदी समुद्रच हो!" साहेब दर रविवारी म्हणायचे, आणि बायका दर रविवारी "खरंच" म्हणायच्या. ज्याला भरती नाही, ओहोटी नाही, ज्याच्या काठाला मासळीचा वास नाही, त्याला समुद्र म्हणायचं! तलावाचा काय दोष, तो बिचारा आपल्या जागी चांगला आहे. दोनशे पावलं झाली की यांना बाक दिसायचा. बाकावर बसून चालण्याचे फायदे सांगायचे. पोह्यांवर ओलं खोबरं बघून एक वहिनी नाक मुरडायच्या, "आमच्याकडे इंदुरी, शेव घालून लागतात गं." म्हणून मी शेवही न्यायला लागले, आणि त्या खोबऱ्यासकट दोनदा घ्यायच्या.

मग मी तिकिटं का काढली? तर भीतीपोटी. हे सुरू व्हायच्या आदल्या वर्षी काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. मुलानं सांगितलं, आता एकदा पडलीस की पुण्याला नेणार, घराला कुलूप. डॉक्टर म्हणत, चाला. मुलगा म्हणे, घरातल्या घरात चाल. बसचं त्याला माहीत नव्हतं, आणि साहेबांचा त्याच्याशी अधूनमधून फोन असायचा. पाच तिकिटं पहिल्यांदा हातात दिली तेव्हा साहेब खिशात घालत गोड आवाजात म्हणाले होते, "तुम्ही दोघी बसनं येता ते मी काही त्याला सांगत नाही हं." मला कळायचं ते कळलं. कुलूप लागलं तर मी कुठे जाणार, आठवी शिकलेली?

गेल्या थंडीतली गोष्ट. चौकात बस थांबली. काकू उतरताना त्यांच्या निऱ्या बुटाखाली आल्या आणि त्या शेवटच्या पायरीवरून घसरल्या. मी मागेच होते. हातातला डबा टाकला आणि त्यांचा दंड धरला. एक गुडघा रस्त्याला टेकलाच. वीस पावलांवर चार गाड्या. साहेबांच्या गाडीची काच दोन बोटं खाली आली, आतून प्रश्न आला, "लागलं का?"

कंडक्टर खाली उतरला. आम्ही दोघांनी मिळून काकूंना थांब्याच्या बाकावर बसवलं. खरचटलं होतं, बाकी ठीक. तेव्हा कुठे मंडळी गाड्यांतून उतरली. साहेबांनी फोन काढला. "त्याला सांगायलाच हवं. उद्या काही झालं तर आपल्यावर यायचं." एका हातानं नंबर लावत होते, दुसरा हात माझ्यापुढे. "तिकिटं दे."

माणूस इतका कोरडा असू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काढलीत. देणार नाही."

"कसली तिकिटं?" काकूंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर. मंडळी तलावाच्या दिशेला बघायला लागली. काकूंनी साहेबांकडून तोंड फिरवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्षं?" तेवढंच.

तोवर फोन लागला. "अरे, तुझी आई पडली, बसमधून," साहेबांनी सांगून टाकलं. मुलानं मला फोन द्यायला सांगितलं.

"खरं सांग. पडली?"

अडखळल्या म्हणता आलं असतं. पण काकू समोर होत्या, आणि त्यांच्याशी केलेली लबाडी आत्ताच माझ्या तोंडून बाहेर पडली होती. "एक गुडघा टेकला. मी धरलं. दर रविवारी बसनंच येतो आम्ही."

मग तो म्हणाला, "ऐकणार नाहीच ती, मला माहितीय. जा बसनं. पण तू बरोबर असशील तरच. तू नसशील त्या दिवशी आईनं फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. एकदा जरी एकटी गेली, तर मी येऊन घेऊन जाईन."

त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.

डबा उघडून पोहे रस्त्यावर सांडले होते, खोबरं, शेव, सगळं. "अरेरे, पोहे गेले," साहेब म्हणाले. दिवसभरात त्यांना मनापासून वाईट वाटलं ते एवढ्याचंच.

मंडळी आता केरव्याच्या धरणावर जातात, थेट गाडीनं. फोटो येतात, खाली तोच समुद्र. काकू दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मंगळवारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रविवारी शाहपुऱ्याला जाऊ. बस कुठून बदलायची गं?"

मे महिन्यात भावाच्या मुलीचं लग्न आहे. तीन वर्षांत मी गावी गेलेले नाही. भावाला फोनवर सांगितलं, जमणार नाही. "चार दिवस पण नाय?" तो म्हणाला. नाही म्हटलं. काकूंना ते मी अजून कळू दिलेलं नाही. कळलं तर त्या मला हट्टानं गावच्या गाडीत बसवून देतील, आणि मी परत येईपर्यंत फाटकाच्या आत बसून राहतील.