चुन्याची वाट

जत्रेच्या आदल्या दिवशी चुनेवाले आप्पा टोपली घेऊन निघायचे आणि तमाशाच्या मांडवापासून थेट माळापर्यंत दोन पांढऱ्या रेघा ओढायचे. मधली बारा हात जागा मोकळी. "ही देवाची वाट हाय, हितनं पालखी जाती," म्हणायचे. मग काय बिशाद कुणाची तिथं चप्पल ठेवायची!

पालखी त्या वाटेनं कधी गेलीच नव्हती. मला नाही कळणार? महादेवाचा गुरव मी. पण निजामाच्या त्या अमलात बंदोबस्ताला आलेला पोलीस अमीनसुद्धा मला ओलांडून जायचा आणि आप्पांना विचारायचा, गर्दी कुठनं काढायची म्हणून. चुना विकणारा माणूस! माझ्या पोटात दुखायचं, आज खोटं कशाला बोलू.

आप्पांचं एकच पालुपद होतं. "आत जायाला कुणीबी वाट काढतंय. भाईर यायाची आधी बघावी." बेंबळीला लग्नाला गेले तरी अक्षतांआधी मांडवाची मागची कनात वर करून बघायचे. लोक हसायचे. मीही हसायचो, जरा जास्तच.

एका वर्षी राहवलं नाही. जत्रेच्या सकाळी पारावर सांगून टाकलं, तिथनं पालखी जात नाही, आप्पा थापा मारतात. दुपारपर्यंत वाटेत तीन दुकानं बसली. आप्पा देवळात आले. भांडतील असं वाटलं होतं. ते पायरीवर बसले.

"गुरव, तुमचं खरं हाय. पर माणूस माणसासाठी जागा सोडत न्हाय, देवासाठी सोडतंय. खोटं म्या बोललो. आज पालखी तिथनं नेऊन ते खरं तुमी करा."

मी समई घासत राहिलो.

तासाभरात भजीवाल्याची कढई कलंडली आणि मांडव पेटला. गर्दी सवयीनं चुन्याच्या रेघांकडं धावली आणि दुकानांवर आदळली. आप्पांनी मेढी उपटून, पाट्या फेकून वाट केली. सगळे वाचले. माझी लेक गंगू तेवढी पायांखाली आली. पोर जन्माची लंगडी झाली.

अमीनानं जाब विचारला तेव्हा सारा गाव माझ्याकडं बघत होता. आप्पा म्हणाले, "रेघ माझीच पुसट पडली, साहेब." त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

पुढच्या वर्षापासून पालखी त्याच वाटेनं नेतो. आप्पा गेले, रेघाही आता मीच ओढतो. पालखीपुढं गंगू लंगडत चालते. लोक हात जोडून बाजूला होतात, पोरांना दटावतात, "सरका रं, आप्पांची वाट हाय." देवाचंसुद्धा नाव घेत नाहीत. माझं तर सोडाच.