सील बसला

यशोधरा रोकडे अकरा वर्षं अंबरनाथला आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात पाळीची वही लिहायची. सकाळची पाळी तीनला सुटते आणि दुपारची तेव्हाच लागते. त्याच्या आधी अर्धा तास ती हेल्मेट घालून सगळ्या प्लँटमधून फिरायची आणि प्रत्येक ऑपरेटरला विचारायची, काय चालू, काय बंद, पुढच्यांना काय सांगायचंय. कोणी अर्धवट बोललं की ती जागची हलायची नाही. "म्हणजे नक्की काय, दादा? सरळ सांगा ना." लोक वैतागायचे, पण सांगायचे. पुढच्या पाळीतला माणूस वही वाचून सही करायचा आणि मगच मशीनला हात लावायचा.

तिचे वडील धोंडिबा अंबरनाथच्याच एका कारखान्यात आयुष्यभर अंगठा लावून पगार घेत होते. मुलगी कारखान्यात लिहिण्याचं काम करते, हे ते बदलापूरला शिरगावात शेजारपाजाऱ्यांना न चुकता सांगत. आता ते नाहीत. घरी आई गयाबाई आणि ती, दोघीच.

मागच्या वर्षी वही बंद झाली. सगळ्यांच्या मोबाइलवर कंपनीचं चॅट आलं, प्रत्येक प्लँटचा वेगळा ग्रुप. ज्याला जसं येईल तसं त्यात टाकायचं, मराठीत, हिंदीत, इंग्रजी अक्षरांत. त्या ग्रुपमध्ये एक एआय सहायक बसवलेला होता. सगळे त्याला बॉट म्हणत. दिवसभराचे मेसेज वाचून तीनला दहा कमी असताना तो दहा ओळींचा गोषवारा टाकायचा. यशोधराने तो बघायचा आणि 'मंजूर' दाबायचं.

तिला बॉट आवडला होता, हे तिने नंतर कधी लपवलं नाही. गुडघे दुखायचे थांबले. बिहारी पोरांची हिंदी आणि कोकणातल्यांची बोली, दोन्ही तो साफ मराठीत मांडायचा. एकदा तर दोन टाक्यांचं तापमान जुळत नाही, हे त्यानेच दाखवून दिलं. सुरुवातीला ती मूळ मेसेजही वाचायची. मग कंपनीने जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाळीतल्या माणसांची पंधरा मिनिटांची गाठभेट बंद केली, आता चॅट आहे म्हणून. त्यानंतर तिच्याकडे दुसरा प्लँटही दिला. रोज दीडदोनशे मेसेज यायला लागले. ती फक्त गोषवारा वाचू लागली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळच्या पाळीला रघु परब होता. वय चौपन्न, मूळचा कणकवलीकडचा, राहायला उल्हासनगर कॅम्प पाचला. तीन नंबरचा पंप गरम कॉस्टिक ओढतो. कॉस्टिक कातडी जाळतं. त्या पंपाची गळती अडवणारं सील दोन दिवस कुरकुरत होतं, बदलायचं बोलणंही ग्रुपवर झालं होतं. अडीचच्या सुमाराला ते गेलं. रघुने पंप बंद केला, मेंटेनन्सला फोन केला आणि ग्रुपवर टाकलं, "3 नं चा सील बसला. मेंटेनन्सला सांगितलाय." पाळी सुटली तशी बस चुकेल म्हणून तो निघाला.

बॉटच्या गोषवाऱ्यात चौथी ओळ अशी आली: "पंप ३ चे सील बसवले. मेंटेनन्सला कळवले."

यशोधराने चहा पिता पिता दहा ओळी वाचल्या आणि मंजूर दाबलं.

दुपारच्या पाळीला महेश म्हात्रे आला. चौतीस वर्षांचा, शांत माणूस. त्याने गोषवारा वाचला, गॉगल चढवला आणि तीन वीसला पंप चालू केला. गळक्या सीलमधून कॉस्टिकचा फवारा खालून वर, गॉगलच्या आत गेला.

किंकाळी ऑफिसपर्यंत आली. यशोधरा धावली. दोघा कामगारांनी महेशला उचलून आपत्कालीन शॉवरखाली धरलं. त्याच्या पापण्या तिने स्वतःच्या बोटांनी उघड्या धरल्या. "डोळे मिटू नकोस, महेश. पाणी जाऊ दे आत. मिटू नकोस." तो एकच विचारत होता, "ताई, सील तर बसवला होता ना?"

ॲम्ब्युलन्स गेल्यावर ओल्या कपड्यांनी ती पायरीवर बसली आणि मोबाइलमध्ये मागे मागे गेली. रघुचा मेसेज सापडला. वाचल्याबरोबर तिला कळलं. आवाज बसतो, धंदा बसतो, इंजिन बसतं. रघु अकरा वर्षं असाच बोलत आला होता.

तिने बॉटला विचारलं, "सील बसला म्हणजे काय?"

लगेच उत्तर आलं: "याचे दोन अर्थ होऊ शकतात. सील जागेवर नीट बसले, किंवा सील निकामी झाले. मी पहिला अर्थ धरला. खात्री करून घ्यायला हवी होती."

ती ओळ ती कितीदा वाचत राहिली, तिलाच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रघुला घरी बसवलं.

चौकशी सुरू झाली तेव्हा एचआरच्या राजसी मॅडमने तिला दार लावून घ्यायला सांगितलं. "ताई, तुमच्यावर काही येणार नाही. फक्त लिहून द्या की मेसेज अस्पष्ट होता. कोणालाही कळला नसता."

"विचार करून सांगते," यशोधरा म्हणाली.

संध्याकाळी ती कॅम्प पाचला गेली. जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या वर रघुची खोली होती, खाली मशिनींचा आवाज चालू होता. रघु तिच्याकडे न बघताच बोलला.

"मी कसा बोलतंय ता तुका ठाऊक. ठाऊक ना?"

"हो."

"वही घेऊन इली असतंस तर इचारलं असतंस. बसला म्हणजे काय रे रघु, असा."

"विचारलं असतं."

"मग झाला तर," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या बायकोने यशोधराला दारापर्यंत सोडलं.

यशोधराने दोन पानं लिहिली. रघु परब यांचा मेसेज मला स्पष्ट कळण्यासारखा होता. मी तो वाचला नाही. वाचायला वेळ नव्हता, कारण दोन प्लँट माझ्याकडे होते आणि पाळ्यांची गाठभेट बंद केली होती. गोषवारा चुकीचा होता आणि त्याला मंजुरी मी दिली.

प्लँटचे मुख्य भोईर साहेब यांनी पानं वाचून टेबलावर ठेवली. "हे लिहून तुम्हाला काय मिळणार, रोकडे?"

"काही नाही, साहेब. पण रघुदादांची चूक नाही."

दोन्ही पानं फाइलला लागली. महिन्याभराने रघुला अस्पष्ट सूचना दिल्याबद्दल काढलं आणि यशोधराला निष्काळजीपणाबद्दल. तिच्या लिहिण्याने रघु वाचला नाही. बॉट चालूच राहिला. ग्रुपवर नोटीस आली, यापुढे मेसेज शुद्ध भाषेत टाकावेत.

महेशचा उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ती त्याच्या घरी गेली तेव्हा बायको किर्ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुम्ही मेसेज वाचला नाही. एवढंच ना?"

"हो."

"मग आत येऊन काय करणार?"

यशोधरा तशीच परत आली. गयाबाईला तिने काही सांगितलं नाही. पण म्हातारीने विचारलं नाही, यावरूनच तिला कळलं की आईला सगळं ठाऊक आहे. पुढचे काही महिने ती घरातच राहिली. कोणी मोबाइलवर मोठा मेसेज पाठवला की ती तो अक्षर अक्षर लावून तीन तीनदा वाचायची, साधा लग्नाचा निरोप असला तरी.

पावसाळा सरता सरता एका रविवारी सकाळी किर्ती शिरगावला आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत महेशचे कागद.

"आम्ही भरपाईचा दावा लावलाय. तुम्ही कंपनीला जे लिहून दिलं ते कंपनी दाखवत नाही," ती उभ्यानेच म्हणाली. "असलं काही लिहिलंच नव्हतं म्हणतात. वकील विचारतोय, त्या बाईकडे प्रत आहे का."

"प्रत नाही. पण मला पाठ आहे."

"कोर्टात बोलाल? तुमचंच नाव खराब होईल."

"बोलेन."

यशोधराने कागद घेतला आणि जमिनीवर बसून पुन्हा सगळं लिहून काढलं. या वेळी बॉटचं उत्तरही लिहिलं, जसं आलं होतं तसंच. खाली सही आणि तारीख घातली. किर्तीने पूर्ण वाचलं. "मी तो वाचला नाही" या ओळीवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिने घडी घालून कागद पिशवीत ठेवला.

गयाबाई चहा घेऊन बाहेर आली. किर्ती म्हणाली, "नको आजी, त्यांना औषध घालायची वेळ झाली," आणि जिना उतरून गेली.

कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे.