बुजवता येईल तेवढंच

“भितीतून कायले जाता, सर? दरवाजा तिकडं हाय.”

मिस्त्री मला हे म्हणाले तेव्हा समोर भिंतही नव्हती आणि दरवाजाही नव्हता. आमच्या अमरावतीच्या घरामागचं मोकळं अंगण होतं आणि त्यात फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या. आम्हाला स्वयंपाकघर थोडं वाढवायचं होतं आणि न्हाणीघर घरात घ्यायचं होतं. मिस्त्रींनी दोन्ही खोल्या चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात अंगणात आखल्या आणि आम्हा नवराबायकोला हुकूम सोडला, “दोन दिवस यात राहून पाहा. मंग बोलू.”

आम्ही राहून पाहिलं. बायको नसलेल्या ओट्याशी उभी राहून नसलेल्या पोळ्या लाटायची. मी नसलेल्या न्हाणीतून बाहेर यायचो आणि दर खेपेला भिंतीतून आरपार जायचो. शेजारचे लोक गच्चीवरून फुकट तमाशा बघत होते. पण दोन दिवसांत कळलं, की फ्रिजचं दार उघडलं की न्हाणीचं दार उघडत नाही. मिस्त्रींनी पायानं रेघ पुसली आणि हातभर पलीकडे नवी मारली. “रेघ पुसाले पैसे लागत नाई, सर. भीत पाडाले लागते.”

तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, पण गिऱ्हाइकाला काम कमी करायला लावणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही. आमची यादी मोठी होती आणि पैसा बेताचा. मिस्त्री चहाचा कप बाजूला ठेवून एकेक गोष्ट काटत गेले. जुना दरवाजा सागाचा आहे, तोच रंधा मारून लावू. न्हाणी आणि ओटा एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून घेऊ, म्हणजे पाण्याची लाइन एकच. छताखालची नक्षी तर हवीच कशाला? “वर पाहून कोन जेवते, वैनी?” शेवटी म्हणाले, जवळ असेल त्यातला पाचवा हिस्सा वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका. जुनी भिंत फोडल्यावर आतून काय निघेल ते देवालाही ठाऊक नसतं.

आणि मग त्यांचं ते वाक्य. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. “जेवढं बुजवता येते, तेवढंच फोडाचं.”

हौसेनं फोडून ठेवलेली आणि पैसा संपल्यावर तशीच राहिलेली घरं त्यांनी फार पाहिली होती. उघडं पडलेलं घर माणसाला खातं, असं ते म्हणायचे. आमचं घर ठरल्या दिवसात आणि ठरल्या पैशात उभं राहिलं. पाचव्या हिश्श्यातलेही थोडे उरले.

मी मास्तर माणूस. वर्गातल्या साठ पोरांना हसवायची सवय, त्यामुळे जीभ सैल. घरचे म्हणतात, तुमच्या तोंडाला दार नाही. तेव्हा मला ते कौतुकच वाटायचं.

वर्षभरानं गच्चीच्या कोपऱ्यात पाणी मुरायला लागलं. मिस्त्रींचा फोन लागेना, म्हणून एका रविवारी मीच चांदूर बाजारला गेलो. विहारामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. बायको वारलेली, एकटेच राहायचे. घरापुढे गेलो आणि थबकलो. बाजूची अख्खी भिंत पाडलेली. तिथे निळी ताडपत्री बांधलेली. पलीकडे नव्या खोलीचा पाया खणलेला, त्यात गवत उगवलेलं. कडेला शे-दीडशे विटा, बस.

मला हसू आवरलं नाही. आत जाता जाताच मी मोठ्यानं म्हणालो, “काय मिस्त्री! जेवढं बुजवता येते तेवढंच फोडाचं, हे फक्त गिऱ्हाइकांसाठीच का? एवढी कोणासाठी घाई झाली होती?”

मिस्त्री खाटेवरून उठले. चुलीशी एक तरुण बाई चहा करत होती, तिचा हात थांबला. मग तिनं चहा गाळला, मला आणून दिला. “घ्या, सर.”

“माही पोरगी,” मिस्त्री म्हणाले. “अकोल्याले देली होती.”

देली होती. या दोन शब्दांतही मला काही कळलं नाही. मी चहा पिऊन, गच्चीचं काम सांगून, आणखी एक विनोद करून निघालो.

पंधरा दिवसांनी मिस्त्री गच्चीच्या कामाला आले. दिवसभर खाली मान. दुपारी मीच विचारलं, “मुलगी बरी आहे?”

“गेली अकोल्याले. आपल्या मनानंच गेली.” सिमेंट कालवता कालवता म्हणाले, “जवाई मारते, सर. चार महिन्यांमागं एक बॅग घेऊन आली होती. मले काई सुचलं नाई. तिच्यासाठी खोली काढाची म्हनून त्याच दिवशी भीत फोडाले घन घेतला. ना फक्की मारली, ना हिशेब केला.”

त्यांनी थापी खाली ठेवली.

“जाताना म्हने, बाबा, पयले घर बुजवून घ्या, मंग बलावजा मले.”

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी पुढचा सगळा खर्च करायला तयार झालो, हात जोडले. त्यांनी मान हलवली. “नाई, सर. तुमच्या पैशाच्या खोलीत थे राहाची नाई.” ओळखत होते पोरीला.

महिनाभरात ते अकोल्याला कामाला गेले. चांदूर बाजारच्या घराला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात पेपर तपासायला अकोल्याला गेलो, तेव्हा पत्ता काढून त्यांच्या साइटवर गेलो. एका मोठ्या इमारतीवर ते दुसऱ्याच्या हाताखाली रोजीनं प्लास्टर करत होते. जवायाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. “रोज दिसते तरी,” म्हणाले.

मी म्हणालो, “मी बोललो ते फार चुकलं, मिस्त्री.”

“चुकीचं कुठं बोलले तुमी? बरोबरच तं बोलले.” थापी धूत धूत ते म्हणाले. “कोनी चुकीचं बोललं असतं, तं तिनं ऐकलंच नसतं.”

तेवढ्यात ती बापाचा डबा घेऊन आली. आधीपेक्षा वाळलेली. अकोल्याच्या त्या उन्हात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घातलं होतं. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि हसली. बाप हात धुवायला गेला होता. आम्ही दोघंच उभे होतो.

“सर,” तिनं विचारलं, “गच्चीचं पानी बंद झालं ना तुमच्या?”

“झालं,” मी म्हणालो.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि डबा उघडायला बसली.