युअर मॅन

डब्लिनच्या डार्ट ट्रेनमध्ये रोज सकाळी एक आजोबा माझ्यासमोर बसायचे. चष्मा कपाळावर सरकवून, पेपर अगदी नाकाला टेकेल इतका जवळ धरून वाचायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा पेपरात बातमी होती, ब्रिटिश सरकारने म्हाताऱ्यांची हीटिंगसाठीची मदत कमी केल्याची. मंत्र्याच्या फोटोवर बोट आपटत ते मला म्हणाले, "युअर मॅन म्हणतो, तिजोरीत पैसा नाही. आणि माझी बहीण तिकडे लीड्सला घरात कोट घालून बसते!"

मी इथे नवा होतो. माझं डोकंच फिरलं. "माझा कशाला? मी पुण्याचा आहे!"

ते खो खो हसले. आयरिश बोलण्यात 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो बुवा', हे मला तेव्हा कळलं. मग मीही सर्रास तसंच म्हणायला लागलो.

पुढे आयर्लंडमध्येच इंधनावरचा कर वाढला. पेपरात इथल्या मंत्र्याचा फोटो बघून मी ऐटीत विचारलं, "काय म्हणतोय युअर मॅन?"

या वेळी ते हसले नाहीत. पेपरची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली, चष्मा डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा मात्र खरंच माझा आहे," ते म्हणाले. "याला मत मीच दिलंय."