स्मॅश न मारणारी ईरा: गुरुग्राम ते पानिपत

"दुखलं तरी बोलायचं नाही. बोललं की डाव जातो," असं दादा मला म्हणाला होता. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. खो-खोच्या खांबावर माझी करंगळी आपटून मोडली होती आणि मी तशीच शेवटपर्यंत खेळले. करंगळी आजही वाकडी आहे. घरात पाहुणे आले की ही गोष्ट मी कौतुकाने सांगते. दादाची मुलगी ईरा लहान होती तेव्हा सुट्टीत तिलाही दरवर्षी सांगायचे. (ईरा हे तिचं खरं नाव नाही. "लिही बिल्कुल, फक्त नाव बदल," असं तीच म्हणाली.)

दादा फौजेत सुभेदार आहे, सध्या दिल्ली कँटमध्ये. ईरा सतरा वर्षांची. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "आत्या, फायनलला पोचले तर येशील?" मी त्याच दिवशी तिकीट काढलं. पुण्याहून निजामुद्दीनला थेट गाड्या आहेत, पण वरचा बर्थ मिळाला तर पाठीची तयारी ठेवा. कँटमध्ये कुणाकडे उतरणार असाल, तर आधार कार्ड हाताशी असू द्या. गेटवरच्या जवानाने माझा फोटो आणि माझा चेहरा यांची इतकी बारकाईने तुलना केली की मीच जरा घाबरले.

फायनल दुसऱ्या दिवशी गुरुग्रामच्या एका क्लबात होती. आम्ही दादाच्या गाडीने गेलो आणि महामार्गावर तासभर अडकलो. तुम्ही मेट्रोच्या पिवळ्या लाइनने जा.

पॅडल हा टेनिससारखा खेळ मी पहिल्यांदाच पाहत होते. काचेच्या मोठ्या पेटीत चार जणी, हातात तारा नसलेल्या, भोकं पाडलेल्या जाड रॅकेट. पहिल्याच मिनिटाला मी ओरडले, "गेला!" चेंडू ईराला ओलांडून मागे गेला होता. ती हललीसुद्धा नाही. नेटकडे पाठ करून उभी राहिली. चेंडू टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळला, परत आला, आणि तिने तो कमरेच्या उंचीवरून आभाळात पाठवला. समोरच्या दोघी धावत मागे गेल्या. पुन्हा तेच. आणि पुन्हा.

माझ्या मागे दोन मुलं बसली होती.

"ये स्मॅश क्यों नहीं मारती, यार?"

"क्यों मारेगी? सामने वाली खुद थक के मरेगी."

डोक्यावर आलेला प्रत्येक चेंडू ईरा तिच्या उंच जोडीदारणीला सोडत होती, नाहीतर काचेपर्यंत जाऊ देत होती. तिसऱ्या सेटमध्ये समोरची मुलगी रडकुंडीला आली आणि चेंडू जाळीत मारून बसली. ईरा जिंकली. कोच दादाशी हात मिळवत म्हणाले, "सर, इतना पेशन्स! फौजी की बेटी है."

आठव्या वर्षापासून टेनिस खेळणारी ही मुलगी. पंधराव्या वर्षी तिने ते अचानक सोडून पॅडल धरलं. टेनिसचा कंटाळा आला, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. दोन वर्षांत ती इथवर आली. कालपरवापर्यंत माझ्या गुडघ्याएवढी असलेली पोर चषक हातात घेऊन उभी होती आणि माझा विश्वास बसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दादा आम्हा दोघींना पानिपतला घेऊन गेला. वहिनींना शाळेतून सुट्टी नव्हती. वाटेत मुरथलला पराठे खा. एकच मागवा, वर लोण्याचा गोळा असतो, दुसरा जात नाही. काला अंब, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईतल्या मराठ्यांचं स्मारक, शहराबाहेर आहे. बाग, विटांचा खांब, भोवती लोखंडी कठडा, आणि कमालीची शांतता. दादाने खांबासमोर उभं राहून सलाम केला. मग म्हणाला, "उपाशी पोटी लढले. एकाने तक्रार केली नाही." दरवेळी तो हेच म्हणतो. दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो.

दादा पाणी आणायला गेला. वाऱ्याने ईराचे केस सुटले होते. ती माझ्यासमोर गवतावर येऊन बसली. "आत्या, वेणी घाल ना."

मला भरून आलं. एवढी चॅम्पियन झाली, तरी वेणी आत्याकडूनच! अर्धी वेणी झाल्यावर म्हटलं, "ही बट धर जरा." तिने डावा हात मागे आणला. "उजव्याने धर, डावा मध्ये येतोय."

उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. ती हसली. "नाही जात गं वर."

"कधीपासून?"

"टेनिसपासून. पॅडलमध्ये सर्व्हिस खालून असते ना, म्हणून चालतं."

माझ्या हातातली वेणी सुटली. काल ज्याच्यावर टाळ्या पडल्या, तो पेशन्स नव्हता. तिला डोक्यावरचा चेंडू मारताच येत नव्हता, म्हणून ती काचेची वाट बघत होती.

"डॉक्टरांना दाखवलं? बाबांना सांगितलंस?"

तिने माझी वाकडी करंगळी धरली. "तू सांगितलं होतंस का कुणाला?"

परतीच्या रस्त्यावर दादा लढाईबद्दल बोलत होता आणि मी माझ्या बोटाकडे बघत होते.

चौथ्या दिवशी निजामुद्दीनला दादा माझी बॅग बर्थखाली सरकवत असताना मी त्याला सांगून टाकलं. "दादा, ईराचा हात वर जात नाही."

"ठाऊक आहे."

मला वाटलं, त्याने नीट ऐकलंच नाही. "अरे, खांद्याच्या वर—"

"टेनिस सोडलं तेव्हाच ओळखलं मी. बाप आहे तिचा."

"मग बोलला का नाहीस तिच्याशी?"

तो बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिला. "विचारलं तर ती खरं सांगेल. मग मला तिला थांबवावं लागेल." मग म्हणाला, "माझा गुडघा दुखत नाही का? त्याच्यावर वीस वर्षं नोकरी केली. चल, पोचलीस की फोन कर."

रात्रभर झोप लागली नाही, त्यात बर्थचा दोष नव्हता.

घरी येऊन आठवडा झाला. जाणार असाल तर जरूर जा. पॅडल बघा, काला अंबला थोडा वेळ गप्प बसा. माझ्याजवळ मात्र त्या प्रवासातला एक हातच उरला आहे, खांद्यापाशी थांबलेला. आणि ती करंगळीची गोष्ट, जी मी आता कुठल्याच पाहुण्याला सांगणार नाही.

दादा, हे तू वाचशील, कारण ईरा तुला वाचून दाखवेल. पुढच्या महिन्यात तिची आणखी एक स्पर्धा आहे. त्याआधी फक्त एकदा तिच्यासमोर बस आणि विचार, "बाळा, दुखतंय का?" तू टाळशील, हे मला माहीत आहे. तरी विचार.