धर्माजींच्या हिरड्या आणि क्लॅरिओनेट

भाईंदरमधल्या गोडदेवच्या चाळीत राहणारे धर्माजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. मूळचे रायगडचे. त्यांनी सूर धरला की नवरदेवाचा घोडासुद्धा चाल बदलायचा. एकदा तर काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून फर्माईश केली आणि मागचे हॉर्नही म्हणे सुरात लागले! ती गंमत पुन्हा कधीतरी. तर असा हा माणूस दोन हजार सहाच्या लग्नसराईच्या तोंडावर पार घाबरून बसला, कारण त्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. क्लॅरिओनेटच्या तोंडीवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, वरचे दात टेकवावे लागतात. दात गेला की वाजवणंच गेलं.

हे झालं कसं, तेच धर्माजींना कळेना. किडलेला दात एकही नव्हता. पोरवयापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायचे. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर चोळली की तोंड कसं आवळून यायचं. रक्ताचा थेंब कधी पाहिला नव्हता.

भाईंदर पूर्वेला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मृणालिनींनी तोंडात आरसा घालून पाहिलं.

"काका, दात चांगलाय, पण तो ज्यात रोवलाय ते हाड झिजतंय. हिरडीखाली कीटण साठलंय. ते मी काढते. मिश्री आजपासून बंद. आणि दात-हिरडी जिथं मिळतात तिथं मऊ ब्रशनं हळूच घासायचं, झोपायच्या आधीसुद्धा."

धर्माजींनी मान डोलावली, सफाई करून घेतली. घरी येऊन जीभ फिरवतात तर दातांमध्ये फटी! आणि मिश्री सोडून आठवडा झाला नाही तोच ब्रशला रक्त.

बायको, सरूबाई, मोरीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, धडधाकट तोंडाची वाट लावली त्या बाईनं. मिश्रीनं कधी रक्त आलं होतं?"

"नाय."

"मग?"

"तेच तर डोक्यात शिरत नाय."

"रक्त येतंय तिथंच घासा म्हणते! उद्या पाय मुरगळला तर त्याच पायावर नाचा म्हणेल."

धर्माजींनी ती बाजू घासायचं सोडलं. वर गुपचूप मिश्री लावून पाहिली. रक्त थांबलं! आता तर पुरता गोंधळ. जिला वाईट म्हणतात त्या मिश्रीनं रक्त थांबतंय, आणि चांगल्या म्हणतात त्या ब्रशनं वाहतंय. तणतणतच ते दवाखान्यात गेले.

डॉक्टर हसल्या. "काका, तुमच्या बँडात एकजण बेसूर वाजवतोय आणि ढोलवाल्यानं जोरात ढोल बडवला, तर?"

"बेसूर ऐकू येत नाय."

"पण तो सुरात आला का?"

"छे! तो कुठला येतोय!"

"तंबाखूनं नसा आवळतात, म्हणून रक्त दिसत नाही. आतली सूज तशीच राहते. मिश्री सुटली की थोडे दिवस रक्त दिसतं. नीट घासत राहिलात की सूज उतरते आणि रक्तही थांबतं. फटी कीटणानं बुजल्या होत्या, त्या उघड्या पडल्या इतकंच."

"मग दात घट्ट होईल?"

"थोडाफार. झिजलेलं हाड परत येत नाही. उरलेलं वाचवायचंय. आणि वाजवताना दातावर जोर कमी द्या."

धर्माजींना निम्मं कळलं, निम्मं ढोलातच अडकलं. तरी मिश्री पुन्हा सोडली आणि घासत राहिले. हळूहळू ब्रश पांढराच राहू लागला. गोडदेवातल्या एका हळदीला दातावर जोर नको म्हणून त्यांनी तोंडी आणि दात यांच्यामध्ये वरचा ओठ दुमडून घेतला. आवाज मऊ निघाला. बँडमास्तर हरिश्चंद्र वळून म्हणाला, "काय धर्माजी, आज लई गोड?"

धर्माजींनी पुन्हा ओठ दुमडला आणि पुढचं गाणं धरलं.

घरी सरूबाईंनी विचारलं, "हलतोय का अजून?"

त्यांनी जिभेनं दाबून पाहिलं. "हलतोय. पण आधीपेक्षा जास्त नाय."

"म्हणजे बरं की वाईट?"

"मला विचारू नको," धर्माजी ब्रश शोधत म्हणाले. "डॉक्टरीणबाई बरं म्हणतात."