राखेची चिमूट

वैशाखरे गावात सकाळी एसटीची वाट बघत होतो. रस्त्याकडेच्या शेतात एका म्हातारीने राब भाजायची तयारी केली होती. भाताची रोपं जिथे टाकायची, त्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा नीट पसरलेला. पण ती काडेपेटी हातात धरून बांधावर नुसतीच बसलेली.

"पेटवत का नाही, आजी?"

"वारा नाय बरा." तिने हनुवटीने शेजारच्या शेतातला पेंढ्याचा ढीग दाखवला. एक ठिणगी तिकडे गेली तर शेजाऱ्याच्या गुरांचा चारा संपला.

मी मोबाईल बघून म्हणालो, "वारा पश्चिमेचा आहे. पेंढ्याकडून इकडे येणारा. पेटवा खुशाल."

तिने पदराची गाठ सोडली, त्यातली चिमूटभर राख हवेत सोडली. राख सरळ पेंढ्याकडे गेली.

"ऊन तापस्तोवर डोंगरावरनं खाली येतो तो. मंग फिरतो. बस जरा."

एसटी आली, गेली. मी बसलोच. ऊन चढलं आणि पुढची चिमूट आमच्या तोंडावर आली. तिने डोळे पुसत काडी ओढली.

"मोबाईल खोटा नाय रे तुजा," ती म्हणाली. "जरा घाईचा हाय, तुज्यावानी."

अजूनही वारा मी मोबाईलवरच बघतो. मग थोडा वेळ नुसता बसतो.